कोकणातील हायड्रोपोनिक्स आणि सेंद्रिय शेती: कृषी अधिकारी व शास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
कोकण विभागातील कृषी अधिकारी आणि कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांस,

विषय: हायड्रोपोनिक्स आणि सेंद्रिय शेती यांची सरसकट तुलना थांबवून जमीन व पाणी पाहून शिफारस करण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या गावातली एक शेतकरी आहे. आमची मळ्याची थोडी भातजमीन आहे, उतारावर हापूसची कलमे आहेत, घरामागे नारळ-सुपारीचे आगर आहे आणि भातकापणी झाली की मळ्यातच ओल टिकेपर्यंत कुळीथ, चवळी, मुळा, लाल माठ असा भाजीपाला होतो. ही जमीन गेली १४ वर्षे आम्ही रासायनिक खत न घालता कसत आहोत. २०२१ साली माझा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून गावी आला आणि त्याने घराच्या वरच्या अंगाला, कातळावर, ३ गुंठ्यांचे पॉलिहाऊस उभारून हायड्रोपोनिक्स पद्धतीने, म्हणजे मातीविना पोषक द्रावणात, पालेभाज्या घ्यायला सुरुवात केली. दोन्ही पद्धती एकाच घरात आणि एकाच विहिरीवर चालताना मी रोज पाहते, दोन्हींसाठी राबते आणि दोन्हींचा माल एकाच बाजारात विकते. त्या अनुभवाच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

पत्राचे निमित्त असे. गेल्या थंडीत तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्यांसाठी एक प्रशिक्षण वर्ग झाला. तिथे पडद्यावर दोन रकान्यांचा तक्ता दाखवण्यात आला: एका बाजूला हायड्रोपोनिक्स, दुसऱ्या बाजूला सेंद्रिय शेती. पाणी कशाला कमी लागते, जागा कशाला कमी लागते, उत्पादन कशाचे जास्त, कीड कशावर कमी, अशा एकेका ओळीत हायड्रोपोनिक्स सरस ठरत गेले. वर्ग संपल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुणाने व्याख्यात्यांना विचारले की, आपली १० गुंठे मळ्याची जमीन आहे, मार्चपर्यंत ओल असते, तिथे भराव टाकून पॉलिहाऊस उभारले तर चालेल का. त्यांनी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. घरी परतताना एस.टी.मध्ये तो होकार माझ्या मनातून जात नव्हता. कोकणात मळ्याची जमीन मुळातच किती थोडी आहे, आणि जी आहे ती आपोआप झालेली नाही. वहाळाला आडवे बांध घालून, डोंगरावरून येणारा गाळ वर्षानुवर्षे अडवून, त्यात शेण आणि पाला जिरवून मागच्या पिढ्यांनी ती अक्षरशः तयार केली आहे. तिच्यावर भराव टाकून तिथे प्लास्टिकच्या नळ्या मांडायच्या, हा सल्ला ज्या तक्त्यातून निघाला तो तक्ताच मला चुकीचा वाटतो.

माझा हायड्रोपोनिक्सला विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. पुतण्याच्या कातळावर दुसरे काहीही पिकले नसते. माझे म्हणणे इतकेच आहे की, या दोन पद्धती एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नाहीत आणि त्यांच्यापैकी कोणती कुठे करावी, हे तिथे माती किती आहे आणि पाणी कसे आहे यावरून ठरले पाहिजे. सेंद्रिय शेतीत आधी जमीन जोपासली जाते आणि पीक त्या जोपासनेतून मिळते. हायड्रोपोनिक्समध्ये मुळांना लागणारी पोषकद्रव्ये पाण्यात विरघळवून थेट दिली जातात आणि जमिनीचा संबंधच येत नाही. या दोहोंच्या उताऱ्याची तुलना करणे म्हणजे गाईच्या दुधाची आणि दुकानातल्या पिशवीची तुलना करण्यासारखे आहे. पिशवीत दूध मिळते हे खरे, पण गाय शेण देते, वासरू देते, हे त्या हिशेबात येत नाही.

या दोन्ही विचारांचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इंदूरच्या संस्थेत काम करताना इथल्या शेतकऱ्यांचे पाहून आणि त्यांच्याकडून शिकून कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. हायड्रोपोनिक्सही आपल्याकडे नवे नाही. १९४६ च्या सुमारास कालिंपाँग येथे साध्या साहित्यात मातीविना भाजी पिकवण्याचे प्रयोग झाले होते. त्याच्याही आधी, १९३८ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॉगलंड आणि अर्नोन यांनी आपले प्रसिद्ध पोषक द्रावण मांडताना स्पष्ट नोंदवले होते की, परिस्थिती सारखी ठेवली तर द्रावणातले पीक चांगल्या कसदार जमिनीतल्या पिकापेक्षा फार सरस ठरत नाही. ज्यांच्या द्रावणाच्या कृतीवर आजची बहुतेक मिश्रणे उभी आहेत, त्यांचेच हे मत आहे. प्रशिक्षण वर्गात ते सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

आता त्या तक्त्यातील पाण्याची ओळ पाहू, कारण शेतकऱ्यांच्या मनावर सर्वांत जास्त परिणाम तिचाच होतो. पाणी सुमारे ९० टक्के वाचते, असे सांगितले जाते. हा आकडा खोटा नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका अभ्यासात, २०१५ साली, लेट्यूसच्या पिकाचा हिशेब मांडला गेला. किलोभर लेट्यूसला हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २० लिटर आणि उघड्या शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, आणि चौरस मीटरमागे वर्षाचे उत्पादन ४१ किलोच्या समोर ३.९ किलो मिळते, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासातला तिसरा आकडा आमच्यासमोर कधी आला नाही: हायड्रोपोनिक्सला किलोमागे ९०,००० किलोज्यूल ऊर्जा लागली आणि उघड्या शेताला १,१००. आपल्या विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचे, तर एका किलोला २५ युनिट. त्यातला मोठा वाटा पॉलिहाऊस तापवण्या-थंड करण्याचा होता, त्यामुळे पुतण्याच्या साध्या पॉलिहाऊसला तेवढी वीज लागत नाही. तरीही पाण्याचा आकडा उचलायचा आणि विजेचा सोडून द्यायचा, हे योग्य नाही. शिवाय ती तुलना वाळवंटातल्या, रासायनिक खतांवरच्या नेहमीच्या शेतीशी होती, सेंद्रिय शेतीशी नव्हती. आमच्या तक्त्यात तो आकडा सेंद्रियच्या रकान्यात कसा आला, हे मला अजून उमगलेले नाही.

सेंद्रिय शेतीचे उत्पादन कमी येते, हे मात्र खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय शेतीचे उत्पादन नेहमीच्या शेतीपेक्षा सरासरी २५ टक्के कमी आढळले, आणि पीक व परिस्थितीनुसार ही तूट ५ पासून ३४ टक्क्यांपर्यंत होती. आमच्या भाताने पहिली तीन वर्षे मान टाकली होती. चौथ्या वर्षापासून तो सावरला, तरी शेजारच्या युरिया घातलेल्या भाताची बरोबरी प्रत्येक वर्षी होते असे मी म्हणणार नाही.

पण पाण्याचा प्रश्न कोकणात ॲरिझोनासारखा नाही, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचे मर्म इथे आहे. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळात, आणि जांभ्याच्या फटींतून व वहाळांतून तो समुद्राला जाऊन मिळतो. मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात. खाडीकाठच्या विहिरींचे दुखणे आणखी वेगळे आहे: गोड्या पाण्याची पातळी उतरली की खाडीचे पाणी आत सरकते आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी मचूळ होते. मातीत हे मचूळ पाणी थोडेफार निभावते, कारण पहिल्याच पावसात मीठ धुऊन जाते. हायड्रोपोनिक्समध्ये तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरते. पीक त्यातले नत्र, पालाश, कॅल्शियम उचलते आणि सोडियम व क्लोराईड मागे साचत जाते. मीटरवरची विद्युत वाहकता (द्रावणातल्या एकूण क्षारांचे माप) बरोबर दिसते, पण ती खताची नसून मिठाची असते. पहिल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या पालकाची पाने कडेने करपली, तेव्हा साहित्य पुरवणाऱ्याने आणखी खत टाकायला सांगितले आणि त्याने रोग बळावला. पाण्याचा तपासणी अहवाल मागवल्यावर कारण कळले. हे आधी कोणी सांगितले असते, तर एक पूर्ण हंगाम वाचला असता.

उपाय आपल्या छपरावरच होता. पावसाचे पाणी क्षारांविना असते आणि हायड्रोपोनिक्सला त्याच्याइतके चांगले पाणी दुसरे नाही. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर पाणी. गळती आणि पहिल्या सरींचे पाणी वगळले तरी सव्वादोन-अडीच लाख लिटर हाती लागू शकते. ॲरिझोनाच्या हिशेबाने टनभर पालेभाजीला २०,००० लिटर पुरतात. म्हणजे जानेवारी ते मे या पाच महिन्यांसाठी एक बंदिस्त टाकी बांधली, तर विहिरीला हात लावावा लागत नाही. पुतण्याने ती टाकी दुसऱ्या वर्षी बांधली आणि पानांचे करपणे थांबले. अनुदानाच्या यादीत पॉलिहाऊसचा सांगाडा, प्लास्टिकचा कागद आणि पंप यांना जे स्थान आहे, ते कोकणात या टाकीला सर्वांत आधी मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

उष्णतेबद्दलही थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मुळांना प्राणवायू लागतो आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. याच वेळी तापलेल्या मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते, आणि पिथियमसारखी मूळकुज नेमकी अशाच कोमट द्रावणात पसरते. लेट्यूस थंड द्रावणात सुखावते. मे महिन्याच्या दुपारी पुतण्याच्या टाकीतले द्रावण ३३ अंशांवर गेलेले मी स्वतः मोजले आहे. त्यात भर विजेची. पातळ प्रवाहाच्या नळ्यांमध्ये मुळांजवळ पाण्याचा साठाच नसतो. पंप थांबला की कडक उन्हात काही तासांत रोपे माना टाकतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातील नारळ-पोफळीच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेले. ज्या किनाऱ्यावर लागोपाठ दोन वर्षांत हे घडले, तिथे पंपावर श्वास घेणारी पद्धत शिकवताना पंप बंद पडल्यावर काय करायचे, हे पहिल्या तासातच शिकवायला हवे.

वीज न लागणाऱ्या पद्धतीही आहेत. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी बसवलेल्या पद्धतीत द्रावण फिरवावेच लागत नाही. पातळी हळूहळू उतरत जाते आणि वरच्या मोकळ्या झालेल्या मुळांना हवेतला प्राणवायू मिळतो. हवाई हेही आपल्यासारखेच दमट, उष्ण, समुद्रकाठचे. दुसरा मार्ग कोकोपीटचा. नारळाची सोडणे आपल्याकडे परड्यात कुजत पडलेली असतात, काथ्याचे काम आपल्या लोकांना माहीत आहे, आणि कोकोपीटने भरलेली पिशवी दिवसभर वीज गेली तरी रोपाला जगवते. मात्र खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या सोडणांच्या भुशात मीठ असते. ते गोड्या पाण्याने धुवावे लागते आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून त्यातला सोडियम काढावा लागतो, हे न सांगता कोकोपीट विकले जाते. या दोन पद्धतींचे कोकणच्या हवामानातले, चारही ऋतूंचे प्रयोग आपल्या संशोधन केंद्रांवर व्हावेत आणि त्यांचे आकडे, अपयशी हंगामांसह, मराठीत छापून यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता मातीविषयी, कारण तिची बाजू मांडणारा त्या वर्गात कोणी नव्हता. आपली जांभी माती लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली आहे. पाऊस तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेतो, सामू आम्लाकडे जातो आणि घातलेला स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाही, कारण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतात. अशा मातीत सेंद्रिय पदार्थ हाच पोषकद्रव्ये आणि ओल धरून ठेवणारा मुख्य आधार आहे. कुजणाऱ्या पाल्यातील आम्ले लोहाला गुंतवतात आणि स्फुरद मोकळा होतो. म्हणूनच बांधावरचा गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी मळ्यात गाडण्याची शिफारस आपणच आम्हाला केली आणि ती फळली. पूर्वी आम्ही कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडून, त्यावर पातेरा (वाळलेला पाला) आणि शेण पसरून दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजत असू. त्या भाजावळीत तण मरत असे, राख मिळत असे, पण पाल्यातले नत्र धुराबरोबर जात असे. १४ वर्षांपूर्वी आम्ही भाजावळ थांबवली आणि तो सगळा पातेरा गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाकू लागलो. आज मळ्यातली मूठभर माती दाबली तर ढेकूळ होते आणि बोटाने हलकेच फुटते. मे महिन्यातही पेंढ्याच्या आच्छादनाखाली हात घातला की ओल लागते. तिला मी कोणत्या रकान्यात लिहू?

सेंद्रिय शेतीच्या अडचणी मी रोज भोगते, त्याही लिहिते. गावात गुरे कमी झाली आणि शेणखत विकत घ्यावे लागते. उष्ण, ओल्या हवेत सेंद्रिय पदार्थ इतक्या लवकर कुजून जातो की, दरवर्षी पुन्हा भर घालावी लागते. एकदा घातले आणि झाले, असे नाही. वानर आणि डुकरे दोन्ही पद्धतींना सारखाच त्रास देत नाहीत, उघड्या शेताला जास्त देतात. कोळेरोग आला की सुपारीवर आम्हालाही मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे लागते, आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समज शहरातल्या ग्राहकांनी सोडला पाहिजे. हापूसवरील तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यापुढे कडुनिंबाचा अर्क काही वर्षी कमी पडतो. इथे हेही सांगितले पाहिजे की भात, आंबा, काजू, नारळ आणि सुपारी या ज्या पिकांवर कोकणचा संसार चालतो, त्यांच्यातल्या एकालाही हायड्रोपोनिक्सचा उपयोग नाही. हायड्रोपोनिक्सची खरी जागा पालेभाजी, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांच्यापुरती आहे. ती लहान आहे, पण मोलाची आहे, कारण पावसाळ्यात आपली भाजी घाट उतरून येते आणि दरड कोसळून घाट बंद झाला की बाजारात पानही दिसत नाही. मळ्यात तेव्हा भात उभा असतो. छपराखालची भाजी तेव्हा खरी गरज भागवते. पावसाळी ढगाळ उजेडात पालेभाजीत नायट्रेट साचते, म्हणून काढणीपूर्वी काही दिवस द्रावण पातळ करावे लागते, एवढी काळजी मात्र उत्पादकांना शिकवावी.

जाता जाता चाऱ्याबद्दल. ट्रेमध्ये मका उगवून आठ दिवसांत एका किलोचे पाच-सहा किलो हिरवा चारा होतो, असे सांगितले जाते. वजन वाढते ते पाण्याने. दाण्यातला कोरडा भाग वाढत नाही, उलट अंकुरताना थोडा खर्चीच पडतो. उन्हाळ्यात दुभत्या गाईला हिरवे म्हणून तो चांगला, पण चाऱ्याचा प्रश्न त्याने सुटला, असे मानून पेंढा विकणाऱ्यांना वेळीच सावध करावे.

सर्वांत गंभीर बाब मला वापरलेल्या द्रावणाची वाटते. काही आठवड्यांनी द्रावण बदलावे लागते. हॉगलंडच्या पूर्ण तीव्रतेच्या द्रावणात लिटरमागे सुमारे २१० मिलिग्रॅम नत्र असते. ते नायट्रेट म्हणून मोजले तर ९०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिलिग्रॅमच चालते. इतर भागांत मातीचा जाड थर हे पाणी थोडेफार गाळून घेतो. आपला जांभा सच्छिद्र आहे, त्यात पोकळ्या आणि भेगा आहेत, आणि सड्यावर (कातळाच्या मोकळ्या पठारावर) ओतलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत किंवा झऱ्यात उतरायला फार वेळ लागत नाही. म्हणजे ज्या कातळावर हायड्रोपोनिक्स सर्वांत योग्य, तिथेच त्याचे सांडपाणी सर्वांत धोक्याचे. आम्ही ते पाण्यात पातळ करून वरच्या बाजूच्या नारळांना देतो, आणि ते नारळ सेंद्रिय नोंदणीतून आम्ही स्वतः वगळले आहेत, कारण त्या झाडांना आम्ही रासायनिक क्षार देत आहोत, हे सत्य आहे. प्रत्येक पॉलिहाऊसला परवानगी किंवा अनुदान देण्यापूर्वी हे पाणी कुठे जाणार, हे विचारले गेलेच पाहिजे.

यातूनच नावाचा प्रश्न येतो. बाजारात हायड्रोपोनिक्सची भाजी 'सेंद्रिय' म्हणून, तर कधी 'विषमुक्त' या मोघम शब्दाखाली विकली जाते. युरोपीय संघाच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत मातीविना पिकवलेल्या मालाला सेंद्रिय म्हणण्यास मनाई आहे. अमेरिकेत हा वाद २०१७ साली सल्लागार मंडळाच्या मतदानापर्यंत गेला आणि ८ विरुद्ध ७ अशा एका मताने बंदीचा ठराव फेटाळला गेला. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, जो २००१ पासून आहे, हंगामी पिकांसाठी २ आणि बहुवर्षायू पिकांसाठी ३ वर्षांचा रूपांतरकाळ आहे, आणि हा काळ जमिनीचा मोजला जातो. जिथे जमीनच नाही आणि पोषण कारखान्यातल्या कॅल्शियम नायट्रेटचे आहे, तिथे सेंद्रिय हा शब्द कसा लावणार? पुतण्या आपल्या पिशव्यांवर 'मातीविना, नियंत्रित पोषणावर पिकवलेली' असे लिहितो. गिऱ्हाईक विचारते, तो समजावून सांगतो आणि माल खपतो. शब्द खरा ठेवल्याने त्याचे नुकसान झालेले नाही.

कातळावर पॉलिहाऊस उभारण्याला मी अनुकूल असले तरी एक सावधगिरी सुचवते. सडा म्हणजे पडीक जमीन, असे सरकारी कागदांत लिहिले जाते, पण श्रावण-भाद्रपदात तिथे जी फुले येतात ती दुसरीकडे उगवत नाहीत, आणि आमच्याच परिसरातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. तेव्हा घराचे अंगण, गच्ची, बंद पडलेल्या चिरेखाणी आणि भात सोडून दिलेल्या खार जमिनीच्या कडा आधी पाहाव्यात, मोकळा सडा शेवटी.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, हायड्रोपोनिक्सच्या कोणत्याही प्रस्तावासोबत जागेवरील मातीची खोली, मे महिन्यातील विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल, पावसाचे पाणी साठवण्याची सोय आणि सांडपाण्याची वाट ही माहिती मागावी, आणि मळ्याच्या जमिनीवर भराव टाकून येणाऱ्या प्रस्तावाला अनुदान देऊ नये. दुसऱ्या बाजूला, सेंद्रिय शेतीला केवळ प्रमाणपत्र शिबिरांपुरते ठेवू नये. सामाईक सातबाऱ्यावर मुंबईतल्या आठ-दहा हिस्सेदारांच्या सह्या मिळेपर्यंत आमच्याकडे एकही योजना पोहोचत नाही. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर धरता येईल का, हे पाहावे. गिरिपुष्पाची रोपे, पातेरा बारीक करण्याचे यंत्र वाडीला मिळून एक आणि वानर-डुकरांपासून संरक्षण, एवढे मिळाले तरी मळे पडीक पडणे थांबेल. प्रशिक्षण वर्गात साहित्य विकणारे जरूर बोलावेत, पण त्यांच्याबरोबर तीन वर्षे ती पद्धत चालवलेला एक शेतकरी आणि मृदशास्त्राचे एक जाणकारही असावेत.

त्या वर्गात शेजारी बसलेल्या तरुणाशी माझे नंतर बोलणे झाले. त्याने अजून भराव टाकलेला नाही. मळ्याच्या वर, गोठ्याच्या मागे, त्याचा ४ गुंठे कातळ आहे. तिथे पॉलिहाऊस आणि मळ्यात वायंगणी (उन्हाळी) भात, असा त्याचा विचार सुरू आहे, आणि त्याला आपल्यापैकी कोणाचा तरी सल्ला हवा आहे.

आपण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे यावे, अशी विनंती आहे. त्या वेळी विहिरीचे पाणी मचूळ झालेले असते, टाकीतले द्रावण तापलेले असते आणि मळा पेंढ्याखाली अजून ओला असतो. पुतण्याच्या नोंदवह्या आणि माझ्या नोंदवह्या, दोन्ही ओटीवर काढून ठेवीन.

आपली नम्र,
राजापूर तालुक्यातील एक शेतकरी